गरजेचा दाखला की निरोपाचा नारळ?

महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थी, त्यांचे पालक आणि दिल्ली-मुंबईच्या दफ्तरांतील अंमलदार यांस जाहीर निवेदन

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या 'मॅच'चा, म्हणजे रुग्णालय-निवडीचा, निकाल मार्च महिन्यात लागतो, घरोघरी पेढे वाटले जातात, आणि १ जुलैस रुजू व्हावयाचे असल्यामुळे जी धावपळ सुरू होते तीत दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून एक कागद आणविला जातो. त्या कागदास 'स्टेटमेंट ऑफ नीड' म्हणतात. अमुक विषयातील तज्ज्ञांची भारतास गरज आहे, असे सरकार त्यावर लिहून देते, आणि शिक्षण पुरे होताच स्वदेशी परतेन, अशी लेखी हमी उमेदवार देतो. इतके गंभीर वचन इतक्या निर्विकार मनाने देणारे व घेणारे दोन पक्ष लग्नमंडपाबाहेर क्वचितच आढळतील.

हा दाखला लागतो तो 'जे-वन' व्हिसासाठी. या व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरास पुढे 'एच-वन-बी' किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवा असल्यास आधी दोन वर्षे मायदेशी काढावी लागतात. दुसरा मार्ग थेट 'एच-वन-बी'चा. तेथे ही शर्त नाही, परंतु यूएसएमएलई या अमेरिकी परवाना-परीक्षेचा तिसरा टप्पा अगोदरच उत्तीर्ण व्हावा लागतो, आणि अर्जाचा व्याप व खर्च रुग्णालयाने पत्करावा लागतो, जो पुष्कळ रुग्णालये पत्करीत नाहीत. त्यात अमेरिकी अध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५च्या फर्मानाने परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जदारामागे १,००,००० डॉलरांचा भरणा लादला. तेव्हा 'पर्याय दोन आहेत' असे सांगणाऱ्या सल्लागारांस पालकांनी एवढेच विचारावे की, निवड करणार कोण? ती बहुधा रुग्णालयच करते.

आता खरी मौज पाहा. उत्तर डाकोटाचे सेनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ साली अमेरिकेने असा कायदा केला की, डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करणाऱ्यास मायदेशवासाची शर्त माफ व्हावी. प्रत्येक राज्यास आरंभी वर्षाला २० माफ्या होत्या, २००२ पासून ३० झाल्या. आमच्या सरकारने २०११ मध्ये डॉक्टरांना 'परतण्याचे बंधन नाही' असा दाखला न देण्याचे धोरण स्वीकारून मोठा अडसर घातल्याचा आव आणला. परंतु जो सरकारी पैशाने गेलेला नाही त्यास कॉनरॅडच्या वाटेने जाताना त्या दाखल्याची गरजच पडत नाही.

म्हणजे जो तरुण येथील सरकारी महाविद्यालयातून पदवी घेऊन, एका वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा मुचलका १० लाख रुपये भरून सोडवितो आणि गडचिरोली टाळतो, तोच पुढे डाकोटाच्या बर्फात एखाद्या खेड्यातील दवाखाना तीन वर्षे बिनतक्रार सांभाळतो. आमचा आक्षेप त्या तरुणावर मुळीच नाही. खेड्याचे त्यास वावडे असते तर तो तेथेही टिकता ना! तेथे तीन वर्षांच्या अखेरीस काय पदरात पडणार हे त्यास ठाऊक असते; येथे सेवा चुकविण्याची किंमत तेवढी छापील आहे, सेवा केल्याचे फळ कोठेच लिहिलेले नाही.

अमेरिकेतील पदव्युत्तर पात्रतेस २००८ पासून भारतात मान्यता आहे. म्हणजे पदवीची सबबही उरलेली नाही. आरोग्य मंत्रालयाने दर वर्षी गरजेचे किती दाखले दिले, कोणत्या विषयांत दिले आणि त्यांपैकी किती जण परतले, याचा तक्ता जाहीर करावा. महाराष्ट्र सरकारने परतणाऱ्या तज्ज्ञासाठी जिल्हा रुग्णालयात जागा, राहण्यास घर आणि तीन वर्षांनंतर वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकाचे पद यांची लेखी हमी द्यावी, व ती हमी त्याच गरजेच्या दाखल्यास जोडावी. ही तजवीज करण्याची इच्छा नसेल, तर पुढील जूनपासून त्या दाखल्यावरील 'गरज' हा शब्द खोडून तेथे 'शुभेच्छा' असा छापावा.