ओसरीवरून : पाण्याखालची वाट

ह्या सदरांत आम्ही बहुधा उंबरठ्याच्या आंतल्याच गोष्टी लिहितों. ह्या खेपेस मात्र घराबाहेरची एक वाट धरली आहे. ती आमच्या चिंचवडच्या ओसरीवरूनच निघते आणि शेवटीं स्वयंपाकघरांतल्या नळापाशीं येऊन थांबते, म्हणून वाचक तिला परकी मानणार नाहींत अशी आशा आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. आठवड्याची सुटी गुरुवारीं. गेल्या वर्षीच्या आदल्या दिवाळींत बोनस हातीं आला तेव्हां त्यांनीं एक सायकल विकत आणली. किंमत ऐकतांच आमच्या घरांतून पृच्छा झाली, "अरे, एवढ्या पैशांत फटफटी आली असती ना?" पुतण्या हंसून म्हणाला, "काकू, फटफटी आहेच कीं दारांत. तिच्यावर पेट्रोल जळतं, हिच्यावर चरबी जळते." एवढ्यावर तो वाद मिटला, परंतु येत्या शनिवारीं मारुतीच्या तेलाबरोबर त्या सायकलीच्या नांवानें एक नारळही गेला, हें नमूद केलें पाहिजे.

ही सायकल आमच्या ओळखीची नव्हती. मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खालीं वळलेली, पण टायर चांगले रुंद, चाळीस मिलिमीटरांच्या घरांतले, आणि त्यांवर बारीक खाचा. हवा मुद्दामच कमी भरलेली. आम्हीं शाळेंत जाण्यायेण्यांत तीस वर्षें सायकल चालविली आणि टायर दगडासारखा टणक झाल्यावांचून पंप कधीं खालीं ठेवला नाहीं. त्यामुळें प्रथमदर्शनीं आम्हीं चिरंजिवांस आळशी ठरविलें. त्यानें समजाविलें तें असें : डांबरी सडकेवर कडक टायर पळतो, परंतु खडी, मुरूम आणि फुपाटा यांवरून जातांना तोच टायर प्रत्येक खड्याशीं भांडतो आणि उसळतो. मऊ टायर खड्यास पोटांत घेतो व जमीन सोडीत नाहीं. विद्यार्थ्यांकडून शिकण्याची आम्हांस जुनी संवय आहे. हा धडाही आम्हीं निमूटपणें घेतला.

अशा भ्रमंतीस तिकडे 'ग्रॅव्हल', म्हणजे खडी, असेंच नांव आहे. अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांतील एम्पोरिया गांवीं २००६ सालीं शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवरून दोनशें मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ सालीं इटलींत ह्या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. स्पेन देशांत रुइदेरा येथें पंधराएक सरोवरांची एक माळच आहे. चुनखडीच्या नैसर्गिक बांधांवरून वरच्या सरोवराचें पाणी खालच्यांत उतरतें. १९७९ सालीं तो प्रदेश निसर्गोद्यान म्हणून राखण्यांत आला, आणि अशा सरोवरांच्या कांठानें सायकलीवर हिंडणें हें तिकडच्या तरुणांचें मोठें सुख आहे. सर्व्हांतीसच्या 'डॉन क्विक्झोट' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत, म्हणजे १६१५ सालीं, ह्या सरोवरांची कथा आली आहे. रुइदेरा नांवाची एक बाई, तिच्या मुली आणि भाच्या अखंड रडत होत्या. मर्लिन जादूगारास त्यांची दया आली आणि त्यानें त्यांचीं सरोवरें करून टाकलीं. ही चित्रें दाखवून पुतण्या म्हणाला, "काका, आपल्या मावळांतही असंच आहे. नांवं तेवढीं वेगळीं."

हें बोलणें अर्धें खरें आहे. उरलेल्या अर्ध्यासाठीं आजचा लेख.

आमच्या पश्चिमेस आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशीं तीन खोरीं शेजारीं शेजारीं पूर्वेकडे उतरतात. पहिल्यांत ठोकरवाडीचा तलाव आणि त्याखालीं आंद्रा; दुसऱ्यांत वडिवळे; लोणावळ्याच्या अंगास शिरोता व वळवण; तिसऱ्यांत पवना. ह्यांतलें एकही सरोवर निसर्गानें केलेलें नाहीं. टाटांच्या जलविद्युत् योजनेंत शिरोत्याचें पाणी डोंगरांतल्या बोगद्यानें वळवणांत येतें, आणि तेथून घाटमाथ्यावर नेऊन मोठमोठ्या नळांनीं सुमारें पांचशें मीटर खालीं खोपोलीच्या वीजगृहावर सोडलें जातें. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं चालू झालें, ठोकरवाडीच्या पाण्यावरचें भिवपुरीचें १९२२ सालीं, आणि मुळशीच्या पाण्यावरचें भिऱ्याचें १९२७ सालीं. जें पाणी आपल्या स्वभावधर्मानें भीमेंतून पंढरीस जावयाचें, तें असें डोंगर फोडून कोंकणांत उतरविलें. तेव्हां आमच्याही सरोवरांची माळ आहे खरी. पण तिचा दोरा मनुष्यानें ओवला आहे.

वाटा म्हणाल तर तिन्ही खोऱ्यांत आहेत. चिंचवडहून देहूरोडवरून सोमाटणे फाट्यास यावें, तेथें मोठा रस्ता सोडून बेबडओहोळ, शिवणे ह्या गांवांवरून पवनानगर गांठावें. हें अंतर सुमारें चाळीस किलोमीटर आणि बहुतेक डांबरी. पुढें तिकोना पेठ, जवण, तुंग अशा गांवांकडे तलावाचा कांठ धरला म्हणजे सडकेपासून फुटणाऱ्या वाड्यावस्त्यांच्या कच्च्या वाटा लागतात. एका हातास पाणी, डोक्यावर तुंग-तिकोन्याचे किल्ले आणि पलीकडे लोहगड. आंदर मावळांत कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळावें; नाणे मावळांत कामशेतहून वडिवळ्याकडे. ऋतु मार्गशीर्ष ते फाल्गुन. पावसाळ्यांत ह्याच वाटांचा चिखल चाकास लगद्यासारखा बसतो आणि निसरड्या कांठावरून माणूस पाण्यांत जाण्यास क्षण पुरतो.

गेल्या वैशाखांत पुतण्या दोघां मित्रांसह पवनेच्या कांठीं गेला होता. उन्हाळ्यांत धरणाचें पाणी ओसरतें तेव्हां वाघेश्वराचें जुनें देऊळ उघडें पडतें आणि लोक पायीं दर्शनास जातात. भेगाळलेली सपाट जमीन पाहून ह्या मंडळींनीं सायकली सरळ तलावाच्या तळावरून घातल्या. चाक उत्तम चाललें होतें. थोड्या अंतरावर एक म्हातारी बाई शेरडें राखीत बसली होती. ती उठली आणि हात आडवा करून म्हणाली, "आरं लेकरांनो, दमानं. हितं आमचं जोतं हाय."

मुलांनीं खालीं पाहिलें. दगडांची एक ओळ काटकोनांत वळली होती. ज्यास त्यांनीं खडबडीत जमीन समजून मौज मानली होती, तें घराचें जोतें होतें. म्हातारीनें काठीनें दाखविलें : हें माजघर, ही चूल, ह्या अंगास गोठा, लग्न होऊन ती ह्याच उंबऱ्यांतून आंत आली होती. धरण झालें आणि घर वर्षांतले बहुतेक महिने पाण्याखालीं राहूं लागलें. ती रागावली नव्हती. तिनें विचारलें, "कुठलं तुम्ही?" पुतण्या म्हणाला, "चिंचवडचे." ती म्हणाली, "मंग आमचं पानी तुमच्याकडंच येतंय."

त्या दिवशीं चिरंजीव लवकर परतले आणि उपासाची खिचडी न खातांच माडीवर गेले. रात्रीं त्यानें आम्हांस विचारलें, "काका, आपल्या नळाला पाणी येतं तें नेमकं कुठून?"

तीस वर्षें भूगोल शिकवूनही आमच्या घरांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि आम्हींही आपण होऊन सांगितलें नव्हतें. पवना धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं येतें. रावेतच्या बंधाऱ्यापाशीं तें उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढवितात, आणि तेथून शहरांत वांटतात. हेंच पाणी नदीऐवजीं धरणापासून निगडीपर्यंत बंद नळांतून आणण्याची योजना निघाली, तेव्हां मावळांतल्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर गांवाजवळ द्रुतगती महामार्गावर त्यांनीं रस्ता अडविला. पोलिसांनीं गोळीबार केला आणि तीन शेतकरी मरण पावले, त्यांत एक स्त्री होती. योजनेचें काम पुढें वर्षानुवर्षें थांबलें.

आतां येथें आम्हांस आपलीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या दिवशीं आमचे बंधु मुंबईहून परत येतांना वाटेंत अडकून पडले होते. घरांत सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य होतें : "ह्या लोकांना रस्ता अडविण्यावांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं का?" तें वाक्य प्रथम आम्हीं उच्चारलें होतें. रात्रीं बातमी कळली तेव्हां आम्ही हळहळलों. पण सकाळीं नळास पाणी आलें तेव्हां हंडे भरले, आणि दोन्ही गोष्टींची सांगड कांहीं घातली नाहीं. पुतण्या तेव्हां शाळेंत होता. आम्हीं जें त्यास शिकविलें नाहीं तें शेरडें राखणाऱ्या बाईनें एका वाक्यांत शिकविलें.

हा प्रश्न नवा नाहीं. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यासाठीं तुरुंगांत गेले, आणि 'सेनापति' ही पदवी त्यांस ह्याच लढ्यानें दिली. तरीही धरण झालें. मुंबईस वीज मिळाली, गिरण्या चालल्या. त्या विजेचा लाभ खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पवनेच्या पाण्यावांचून आमचें शहर आणि त्यांतले कारखाने एक दिवस टिकणार नाहींत, हेंही उघड आहे. परंतु लाभ घेणाऱ्यानें देणाऱ्याचें नांवगांव विसरूं नये, एवढें तरी गृहस्थाश्रमी माणसास कळलें पाहिजे. स्पेनमधल्या कथेंत रडणाऱ्या बायकांचें सरोवर झालें. आमच्याकडे आधीं सरोवर झालें.

मग सायकल बंद करावी काय? आमच्या घरांतून असा ठराव आलाही होता. पण पुतण्याचें म्हणणें आम्हांस पटलें : "मी गेलों नसतों तर हें कळलं असतं का?" म्हणून ओसरीवर बसून सर्वांनीं मिळून कांहीं नियम ठरविले. ज्यांच्या घरांत अशी सायकल आली असेल त्यांनीं ते अवश्य पाहावे.

कच्ची वाट ही कोणाची तरी पाणंद असते. समोरून बैल किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई आल्यास उतरून कडेला उभें राहावें. भातखाचराच्या बांधावर चाक घालूं नये. बांध खचला कीं खाचराचें पाणी आणि वर्षाचें पीक दोन्ही जातात. वीज-कंपनीच्या धरणांपाशीं कुंपण असेल तेथें तें ओलांडूं नये. तलावांत पोहावयास उतरूं नये. खालीं गाळ किती आणि उतार कोठें, हें वरून दिसत नाहीं. नळीचें ठिगळ, पंप, दोन बाटल्या पाणी आणि घंटी बरोबर असावी. रिकाम्या पुड्या घरीं परत आणाव्या. चहा गांवांतच घ्यावा, आणि घेतांना गांवाचें नांव विचारावें. आतांचें आणि पूर्वींचेंही.

'मार्ग' ह्या शब्दाच्या मुळाशीं 'मृग्' हा शोधणें ह्या अर्थाचा धातु आहे, असें आम्ही वर्गांत सांगत असूं. मुलें तें पाठ करीत आणि परीक्षेंत लिहीत.

ह्या मार्गशीर्षांत पुतण्यानें आम्हां उभयतांस मोटारींतून पवनेच्या कांठीं नेलें. तलाव भरलेला होता. देऊळ नाहीं, जोतें नाहीं, सर्वत्र निळें पाणी. म्हातारीची चौकशी केली तेव्हां ती मुलीकडे गेल्याचें कळलें. आमच्या घरांतून डिंकाच्या लाडवांचा डबा बरोबर आणला होता, तो शेजारणीपाशीं ठेविला. मग पुतण्यानें पाण्याकडे बोट करून काकूंस दाखविलें, "तें तिथं माजघर, आणि त्याच्या डावीकडे गोठा." त्या बराच वेळ तिकडे पाहात उभ्या होत्या. आतां येत्या वैशाखांत, पाणी उतरलें म्हणजे, पुन्हां जावयाचें ठरलें आहे. त्या वेळीं पुतण्या सायकलीवर पुढें जाईल आणि आम्ही मागून मोटारीनें जाऊं.