कागद नाहीं तो परका काय?

परके हुडकून काढा, कायदा कडक करा, ही ओरड मुंबईहून निघून बारामतीच्या बाजारापर्यंत आली आहे. वीटभट्टीवर अनोळखी बोलीचा मनुष्य दिसला कीं चहाच्या टपरीवरले पंच त्याचा निवाडा करून मोकळे होतात. चोरून सरहद्द ओलांडणारास सरकारनें धरूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. बांध न राखणाऱ्याचें शेत राहत नाहीं, हें कुणब्याला कोणी शिकवावयास नको. आमचा प्रश्न निराळा आहे. बांध कोरला हें सिद्ध कोणीं करावयाचें? फिर्याद करणारानें, कीं ज्याच्याकडे बोट दाखविलें त्यानें?

१९४६ सालीं गोऱ्यांच्या अमलांत झालेल्या परकीयांच्या कायद्यानें उत्तर दिलें कीं, ज्याच्यावर संशय त्यानेंच आपण परका नाहीं हें शाबीत करावें. तो कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा अमलांत आला. परवान्यावांचून देशांत शिरणारास त्यांत पांच वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिक्षा वाढली, शाबितीचें ओझें मात्र होतें तेथेंच राहिलें! खुनाच्या आरोपांत पुरावा सरकारनें द्यावयाचा, आणि मजूर परका आहे असा नुसता संशय आला तर पुरावा मजुरानें द्यावयाचा, हा कोणत्या गांवचा न्याय?

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरांतली पेटी उघडून पाहा. सातबाऱ्यावर तुकाराम, शाळेच्या दाखल्यावर तुका, आधारवर आडनांवच भलतें. म्हातारीचा जन्म विचारला तर ती दुष्काळाचें साल सांगते. हीं नांवें तिनें लिहिलीं नाहींत. लेखणी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातीं होती त्यांनीं लिहिलीं, आणि चुकीचा जाब मात्र अंगठा उठविणाऱ्यानें द्यावा! आसामांत एका मनुष्याला असल्याच, नांवाच्या स्पेलिंगच्या व तारखांच्या, तफावतींवरून न्यायाधिकरणानें २०१२ सालीं परका ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें तो भारतीय असल्याचा निकाल दिला, आणि हातीं कांहीं पुरावा असल्यावांचून वाटेल त्याला परका म्हणून बोलावतां येणार नाहीं, असेंही बजाविलें. निकाल उत्तम. पण तो ऐकावयाला तो मनुष्य उरला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्येंच तो वारला होता.

आसाम दूर आहे म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये. १९९८ सालीं मुंबईंत जरीचें काम करणारे बंगाली बोलणारे कारागीर परके म्हणून गाडींत घालून सरहद्दीकडे धाडले. हावड्याजवळ उलुबेरियाला लोकांनीं गाडी अडवून त्यांना सोडविलें. जून २०२५ मध्यें मुंबईकडे पोट भरणाऱ्या बंगालच्या कांहीं मजुरांना पकडून बांगला देशांत लोटलें गेलें. मग पश्चिम बंगाल सरकारनें ते आपलेच म्हणून कागद दाखविल्यावर त्यांना परत घ्यावें लागलें. आधीं लोटावयाचें, मग चौकशी! चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात, ती हीच. ज्या दलालानें खोटे दाखले विकले, ज्या मुकादमानें अर्ध्या मजुरीवर माणसें आणलीं, ते कोणत्या गाडींत बसले?

आमच्या बारामती-इंदापुरांत ही रीत नवी नाहीं. १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा १९११ नंतर आपल्या इलाख्यांतही चालूं झाला. त्यानें पारध्यांना, कैकाड्यांना जन्मतःच चोर ठरविलें. हजेरी द्या, पास घेतल्यावांचून गांव सोडूं नका, आणि चोर नसल्याचें तुम्हींच दाखवा! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला, पण पाल मारून राहणाऱ्या फासेपारध्याला गांवाची नोंद कोण देतो? ज्याला जन्माचा दाखला नाहीं, त्याच्या पोराला जातीचा दाखला नाहीं. अशांत राज्य सरकारनें २०२५ च्या आरंभीं उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणें थांबविलें आणि मार्चमध्यें नियम आवळले. निशाण परक्यावर धरलें असेल. गोळी पारध्याच्या पालावर पडते.

आणि आपला तरी मूळ पुरुष येथेंच उगवला होता काय? नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी आलें तेव्हां सासवडकडचे माळी बारामतीस येऊन उसाचे मळे करूं लागले. वालचंदनगर तर दूरदूरच्या मजुरांच्या हातांनीं उभें राहिलें. आजही गळिताचा हंगाम लागला कीं बीडकडून कोयते येतात, तेव्हां कोणी कागद मागत नाहीं, कारण ऊस शेतांत वाळत असतो!

तेव्हां कायदा खुशाल कडक असो. पण आधीं पुरावा सरकारनें द्यावा, धरलेल्याला न्यायाधीशापुढें उभें करावें, त्याला त्याच्या गांवाला विचारूं द्यावें. मजुराबरोबर मुकादमाचें व भट्टीवाल्याचेंही नांव लिहावें. भट्टीवाला पुढाऱ्याचा पाहुणा निघाला तरी लिहावें.

दरम्यान आपल्या हातीं एक काम आहे. पुढल्या ग्रामसभेंत ज्यांची जन्मनोंद नाहीं अशा म्हाताऱ्यांचीं आणि पालांवरल्या माणसांचीं नांवें लिहून घ्या, ठराव करा आणि तो तहसील कचेरींत देऊन पोंच घ्या. अर्ज लिहावयास कोणी मिळालें नाहीं तर शाळेंतल्या पोरींना बसवा; त्या सुवाच्य लिहितात.