फळा दाखवा, पोरांचे चेहरे नकोत

शिक्षकांनी सोशल मीडियावर असावं का, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतं, मास्तरांना रील कशाला पाहिजेत, त्यांनी गप शिकवावं. दुसरं म्हणतं, जमाना बदलला, आता हे चालायचंच. मला दोन्ही पटत नाहीत. पुढच्या वर्षी मला बी.एड.ला जायचंय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी वक्तृत्व स्पर्धेपुरता नाही.

आधी चांगली बाजू. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून धडे ऐकायची-बघायची सोय केली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. फोन शिक्षकाच्या हातात आला की काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. आमच्या बेळगावच्या सीमाभागात तर याची गरज जास्तच आहे. इथल्या एखाद्या बाईंनी समासांचा धडा यूट्यूबवर टाकला, तर तो खानापूर-निपाणीच्या पोरांनाही मिळतो. त्यात फळा दिसतो, खडू दिसतो, बाईंचा आवाज येतो. असे व्हिडिओ अजून यायला हवेत.

अडचण सुरू होते ती कॅमेरा फळ्याकडून बाकांकडे वळला की. पोरगं काहीतरी चुकीचं बोलतं, मागे हसण्याचा आवाज जोडला जातो आणि लाइक्स येतात. माझा चुलतभाऊ तिसरीत आहे. पाढा म्हणताना तो अडखळला आणि त्याची रील झाली. शाळेचं नाव सांगत नाही. टीचरच्या मनातही वाईट काही नसणार, त्यांना तो गोड वाटला असेल. पण रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात मोठी माणसं त्याला म्हणाली, "तो पाढा म्हण की रे!" तेव्हापासून तो घरीसुद्धा मोठ्याने पाढे म्हणत नाही. वर्ग ही चुका करायची हक्काची जागा असते. ती चूक गावभर फिरली, तर पोर पुढच्या वेळी हात वर कशाला करेल?

"पालकांची परवानगी होती," असं उत्तर मिळतं. मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो. पण ॲडमिशनच्या वेळी इंग्रजी फॉर्मवर घाईत केलेली एक सही म्हणजे वर्षभराच्या प्रत्येक व्हिडिओला होकार झाला का? आणि ज्याचा चेहरा दिसणार, त्याला कोणी विचारलं? आठ वर्षांचं मूल बाईंना "नको" म्हणू शकत नाही.

सगळा दोष शिक्षकांचा नाही, हेही खरं. २०१६ साली महाराष्ट्रात हजेरीसाठी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून अपलोड करावी, असा सरकारी आदेश निघाला होता. शिक्षकांनी त्याला विरोध केला. आजही कार्यक्रम झाला की वरून "फोटो पाठवा" असा मेसेज येतो. पटसंख्येच्या काळजीने शाळेला जाहिरात हवी असते आणि ते काम वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतं. म्हणून नियम शाळेनेच करायला हवा, एकट्या शिक्षकावर सोडून चालणार नाही.

नियम साधे असू शकतात. शिक्षकाचं शिकवण्याचं अकाउंट आणि घरचं अकाउंट वेगळं. मुलांची चित्रं, वह्या, प्रयोग दाखवावेत, चेहरे आणि नावं नकोत. स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या ग्रुपपुरते ठेवावेत. चुकणारं, रडणारं, मार्क कमी पडलेलं मूल कधीच नको. आणि पालकांचा होकार असला तरी मुलाने मान हलवली, तर फोन खिशात जावा.

सराव पाठांसाठी मी ज्या शाळेत जाईन, तिथे हे मला लेखी मिळालं तर बरं होईल. कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणणार, "मॅडम, एक रील करा ना!" तेव्हा नाही म्हणायला नव्या शिक्षिकेच्या पाठीशी शाळा उभी पाहिजे.