बांधावरचा साप बांधावरच राहू द्या



आपल्या भागात सध्या एक नवीनच पुण्य निघालंय. पूर्वी शेतात साप दिसला की काठी नाहीतर खोरं. आता पोरं शिकली, काठी टाकली, मोबाईल काढला. सर्पमित्राला फोन. तो येतो, धामण शेपटीला धरून वर उचलतो, दहा मिनिटं फोटो, मग पोत्यात घालून लांब कुठंतरी डोंगराला नेऊन सोडतो. रात्री गावच्या ग्रुपवर "जीवदान दिले" आणि खाली हात जोडलेली चित्रं. मारण्यापेक्षा बरं, एवढं मी मान्य करतो. पण ह्याला साप वाचवणं म्हणू नका.

धामण काय वाट चुकून तुमच्या उसात आलेली नसते. ती तिथलीच असते. कुठल्या बिळात गारवा आहे, पाटाला पाणी कधी असतंय, ऊन चढलं की कुठल्या दगडाखाली शिरायचं, हे सगळं तिला पाठ. माझ्या वरच्या बांधाला दगडांची जुनी रास आहे, तिथं मला बहुतेक दरवर्षी कात सापडते. वहीत तारीख टाकून ठेवतो. असं जनावर उचलून अनोळखी रानात टाकलं तर ते लपणार कुठं आणि खाणार काय? कर्नाटकात आगुंब्याला नागराजाच्या अंगात रेडिओयंत्र बसवून अभ्यास झालाय. दुसऱ्या जागी नेऊन सोडलेला नागराज एका जागी टिकला नाही, लांब लांब भटकत राहिला, असं त्यात दिसलं. नागराजाची ही गत, तर धामणीचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. भटकताना रस्ता आला, कुत्री आली, दुसऱ्या गावातली काठी आली.

आणि इकडं तुमचं रान मोकळं झालं कुणासाठी? उंदरांसाठी. उंदराची मादी तीन आठवड्यांत वेते, एका वेताला सहा-आठ पिल्लं. झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवून बघितलंय ना सगळ्यांनी? खाऊन एकदा त्रास झाला अन् वाचला, की तो उंदीर परत त्याला तोंड लावत नाही. घुबड बिळाच्या तोंडाशी थांबतं, मांजर थांबतं. आत शिरून पिल्लांसकट घर रिकामं करते ती धामण. तिला आपण गाडीवर बसवून डोंगरात पोचवतो आणि दुकानातून पुडी आणतो. त्याला शहाणपण म्हणायचं का?

कायद्याचंही ऐका. 1972 च्या वन्यजीव कायद्याला 2022 ला दुरुस्ती झाली. त्यात नाग, घोणस आणि आपली धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत गेली. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मारणं तर गुन्हा आहेच, पण परवानगीशिवाय पकडणं, जवळ बाळगणं, लोकांपुढं खेळवणं हेसुद्धा त्यातच येतं. घरात, गोठ्यात, शाळेत साप शिरला तर वनखात्याच्या 1926 ला फोन लावा, जाणकार माणूस बोलवा. काही सर्पमित्र खरंच जीव लावून काम करतात, गाजावाजा न करता. त्यांना माझा नमस्कार. पण उघड्या रानातला साप हा फोन करायचा विषयच नाही. चार पावलं मागं सरा, उभं राहून बघा, तो आपल्या वाटेनं जातो.

बघितलं तर कळतं पण किती! दोन धामणी पिळा घालून उभ्या राहिल्या की आमच्याकडं लोक नाग-धामणीचं लगीन म्हणतात, अंगावरचं धोतर-टॉवेल टाकायला पळतात, भरभराट होते म्हणे. ते लगीन नाही, दोन नरांची कुस्ती असते. धामण ही नागाची मादी नव्हे, नागाची मादी नागच. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात, पण ओढून प्यायला सापाला ओठ तरी आहेत का?

आता कुणीतरी म्हणणारच, "तुमचं काय जातंय बोलायला, माणसं मरतात." मरतात. देशात 2000 ते 2019 ह्या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 ला छापून आलाय. त्यातली बरीचशी आपल्यासारखीच, खेड्यातली, रानात राबणारी. म्हणूनच म्हणतो, राग बरोबर जागी काढा. आपल्याकडं जीव घेणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. धामण, तस्कर, दिवड, कवड्या ह्यांचा त्यात काही संबंध नाही, पण मार खातात तेच जास्त. कवड्या तर नुसता मण्यारीसारखा दिसतो म्हणून जातो.

आणि दंश होतो कधी? थ्री फेज लाईट रात्रीची देतात. माणूस रात्री एक वाजता पायात साधी चप्पल, हातात मोबाईलची बॅटरी, बारं धरायला उसात. घोणशीवर पाय पडला तर ती चावणारच, ती काय तुमची वाट बघत बसली नव्हती. दिवसा लाईट द्या म्हणून ओरडायचं सोडून आपण धामणीचे फोटो काढतो. माणूस गेल्यावर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. गमबूट चार-पाचशेला मिळतात. मण्यार तर झोपेतच गाठते, म्हणून कोपीत, खळ्यावर जमिनीवर झोपू नका. खाट आणि मच्छरदाणी घ्या. चावलंच तर करकचून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडं तासभर घालवू नका. अवयव हलू न देता थेट सरकारी दवाखाना, 108 ला फोन. लस ह्या चारही सापांवर चालते.

ऊस तोडताना चारी बाजूंनी आत येत गेलं की मधल्या शेवटच्या सऱ्यांत सगळी जनावरं कोंडतात, मग टोळीतल्या बाईमाणसाला धोका. एका अंगानं तोडत या आणि शेवट बांधाकडं करा, त्यांना निघायला वाट राहते. पाचट पेटवू नका. बांध जाळू नका, निदान उन्हाळा संपता संपता तरी, कारण त्याच सुमाराला बिळांत अंडी असतात. डुकरांसाठी मासेमारीची जुनी नायलॉन जाळी लावता, तिचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर बांधा. त्यात अडकलेला साप मागं सरकायला बघतो, खवल्यांत दोरा रुततो आणि उन्हात तडफडून मरतो. मी स्वतः तसे काढलेत, जिवंत कमी, मेलेले जास्त.

कृषी खात्याच्या साहेब मंडळींनाही एक विचारायचं आहे. तुमच्या प्रत्येक पत्रकात पक्षीथांबे लावा असतं. चांगलं आहे, मीही लावतो. पण बांधावरची दगडांची रास ठेवा, कोपऱ्यातली करवंदीची जाळी ठेवा, असं एकाही शिवारफेरीत माझ्या कानावर आलेलं नाही. उलट जेसीबी लावून बांध सरळ केला की प्रगतशील शेतकरी म्हणून सत्कार. पुढच्या शिवारफेरीला माझ्या वरच्या बांधावर या. रास दाखवतो, कात दाखवतो, आणि सकाळी नऊच्या ऊन्हाला आलात तर बहुतेक धामणही दिसेल. फक्त गाडी लांब लावा आणि कॅमेरेवाला आणू नका.