सोलापूर कुणाचं? सीमावादाची भांडणं आपल्या फीडमध्ये का येत राहतात

फेब्रुवारी २०२५ मधला शनिवार. आई गुलबर्ग्याला मावशीकडे जायला निघाली होती, पिशवीसुद्धा भरून झाली होती. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर एका पाठोपाठ एक व्हिडिओ यायला लागले. बेळगाव जिल्ह्यात भाषेच्या वादातून कर्नाटकच्या बस कंडक्टरला मारहाण झाली होती. त्यानंतर चित्रदुर्गमध्ये आपल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं गेलं. महाराष्ट्रानं कर्नाटकात जाणाऱ्या एसटी बंद केल्या. आईनं पिशवी परत रिकामी केली आणि मावशीला फोन लावला. दोघी बोलल्या कन्नडमध्ये. फोन ठेवल्यावर आई मला मराठीत म्हणाली, "कोण भांडतंय रे एवढं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर मला लगेच देता आलं नाही. कारण आमच्या गल्लीत तरी कुणीच भांडत नव्हतं. भांडण चालू होतं ते माझ्या हातातल्या फोनमध्ये. तिथं मराठी आणि कन्नड अकाउंट्स एकमेकांना दिवसभर शिव्या घालत होती. हे भांडण आपल्यापर्यंत येतं कसं आणि ते वाढवतं कोण, ते आज समजून घेऊया.

आधी मूळ वाद काय ते बघू

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातला बेळगाव भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तिथल्या मराठी लोकांना हे मान्य नव्हतं. केंद्रानं १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतली मिळून २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, असं त्यात होतं. बेळगाव मात्र तिकडेच ठेवायचं होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटक आजही तोच अहवाल धरून आहे. २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला आणि खटला अजून तिथंच आहे.

म्हणजे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सीमा कुठं असावी हे कोर्टात किंवा संसदेत ठरणार. एक्सवर कितीही रिप्लाय दिले तरी ती एक इंचही हलणार नाही. मग रोज एवढी भांडणं कशासाठी?

२०२२ मध्ये नेमकं काय झालं

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांच्या ठरावाचा विषय काढला. त्या गावांना कर्नाटकात यायचंय, असा त्यांचा रोख होता. देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिलं की महाराष्ट्रातलं एकही गाव कुठं जाणार नाही, आणि तो ठराव २०१२ चा, पाण्याच्या टंचाईमुळे केलेला आहे. त्यावर बोम्मईंनी ट्विटरवर सोलापूर आणि अक्कलकोटवरही हक्क सांगितला. झालं! आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधली जी पोरं कधी बोलत नाहीत, तीसुद्धा त्या दिवशी जागी झाली.

६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकवर दगडफेक झाली. इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. १४ डिसेंबरला गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं. त्या बैठकीनंतर त्यांनी जे सांगितलं ते टेकवाल्यांनी नीट ऐकायला हवं होतं. मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या फेक ट्विटर अकाउंट्समुळे वाद जास्त पेटला आणि अशा प्रकरणांत गुन्हे दाखल होतील, असं ते म्हणाले.

यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. जतचा मूळ प्रश्न होता पाण्याचा. दुष्काळी तालुका, म्हैसाळ योजनेचं पाणी शेवटच्या गावापर्यंत कधी पोचणार हा प्रश्न. अक्कलकोटच्या काही गावांनीही तेव्हा कर्नाटकात जायची भाषा केली, ती रस्ते आणि सोयी मिळत नाहीत म्हणून. पण "आमच्या गावाला पाणी द्या" या वाक्यावर कोण भांडणार? "सोलापूर आमचं" म्हटलं की दोन्हीकडचे हजारो लोक तुटून पडतात. फीडला दुसरं वाक्य आवडतं. का, ते आता बघू.

रिप्लायचं गणित

३१ मार्च २०२३ ला ट्विटरनं आपल्या शिफारस करणाऱ्या सिस्टीमचा बराचसा कोड सगळ्यांसाठी खुला केला. मी तो वाचला. त्यात पोस्टला मार्क कसे देतात ते दिलं होतं. सिस्टीम आधी अंदाज बांधते की ही पोस्ट दाखवली तर तुम्ही लाइक कराल याची शक्यता किती, रिप्लाय द्याल याची किती, वगैरे. मग प्रत्येक शक्यतेला एका ठरलेल्या आकड्यानं गुणते आणि सगळ्याची बेरीज करते. बेरीज जास्त, तर पोस्ट वर.

तेव्हाचे आकडे असे होते:

लाइक: ०.५
रिपोस्ट: १
रिप्लाय: १३.५
तुमच्या रिप्लायला पोस्ट टाकणाऱ्यानं प्रतिसाद दिला तर: ७५
"हे नको" किंवा ब्लॉक, म्यूट: उणे ७४
रिपोर्ट: उणे ३६९

म्हणजे रिप्लायचं वजन लाइकच्या २७ पट, आणि समोरच्यानं परत उत्तर दिलं तर १५० पट. आता यातली गंमत बघा. रिप्लाय कौतुकाचा आहे की शिवीचा, याला या आकड्यात काही जागाच नाही. बेळगाव कुणाचं यावर तुम्ही पुराव्यासकट मुद्दा मांडा, नाहीतर समोरच्याची अक्कल काढा, मशीनच्या लेखी दोन्ही फक्त रिप्लाय.

हे आकडे नंतर बदलले असणार, आणि प्रत्येक ॲपचं गणित वेगळं असतं. पण मूळ हिशोब तोच राहतो. माणूस ॲपवर जितका जास्त वेळ थांबेल, तितकं ॲपचं भलं. आणि गप्पांपेक्षा भांडणात माणूस जास्त वेळ थांबतो, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पानाच्या टपरीवर बघा.

नावावरूनच बाजू ठरते

अजून एक गोष्ट आहे. बेळगावला तुम्ही काय म्हणता, यावरून समोरचा तुमची बाजू ठरवतो. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकनं शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं. त्याच दिवशी गुलबर्ग्याचं कलबुर्गी आणि विजापूरचं विजयपूर झालं. आता कुणी पूर्ण वेगळ्या विषयावर, अगदी कुंद्याच्या दुकानाबद्दल पोस्ट टाकली, तरी खाली पहिली कमेंट नावावरूनच येते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या ताब्यातला भाग. तिथले नॅशनलिस्ट म्हणतात आम्हाला आयर्लंडमध्ये जायचंय, तर युनियनिस्ट म्हणतात ब्रिटनमध्येच राहायचंय. तिथल्या एका शहराला पहिले म्हणतात डेरी आणि दुसरे म्हणतात लंडनडेरी. तिथंही नाव उच्चारलं की माणसाची बाजू ठरते आणि ऑनलाइन वाद सुरू. पण त्या लोकांनी कित्येक वर्षं खरा हिंसाचार भोगला आणि १९९८ मध्ये करार केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. एक, भाग कुठं जाणार हे तिथल्या लोकांच्या बहुमतानं ठरेल. दोन, तिथला माणूस स्वतःला आयरिश म्हणू शकतो, ब्रिटिश म्हणू शकतो किंवा दोन्ही म्हणू शकतो.

आपला वाद वेगळा आहे. इथं दोन्ही बाजू एकाच देशातल्या आहेत आणि निकाल कोर्ट देणार आहे. पण ते "किंवा दोन्ही" मला फार जवळचं वाटतं. सोलापूर तसंच आहे. इथं विजापूर रोडवर राहणारा माणूस घरात कन्नड, बाजारात मराठी आणि शेजारच्या पद्मशाली कुटुंबाशी मोडकंतोडकं तेलुगू बोलतो. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कन्नडमध्ये, आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला जमणारी गर्दी सगळ्या भाषांची. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक, शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, दक्षिण सोलापुरातल्याच हत्तरसंग कुडलला आहे. आता यातलं काय तोडून कुणाला देणार?

मग आपण काय करायचं

गप्प बसा असं मी म्हणत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत सरकारी कागद मिळायला हवा, ही मागणी रास्त आहे. आणि हाच नियम अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही लागू होतो. पण रिप्लाय टाकण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, हँडल बघा. नाव आणि फोटो कुणीही लावू शकतो. @ च्या पुढची अक्षरं एक एक करून वाचा. ब्लू टिकवर अवलंबून राहू नका, ती आता पैसे भरून मिळते.

दोन, तारीख बघा. जुनं प्रकरण नवीन म्हणून फिरतं. २०१२ चा पाण्याचा ठराव २०२२ मध्ये कसा पेटला ते आपण पाहिलंच.

तीन, खरा प्रश्न कुणाचा आहे ते बघा. पाणी, रस्ता, शाळा यातलं काही असेल तर त्यावर बोला. नुसती डिवचणारी पोस्ट असेल तर रिप्लाय देऊ नका, "हे नको" दाबा. फेक अकाउंट किंवा मारहाणीला चिथावणी असेल तर रिपोर्ट करा. पण नुसतं मत पटत नाही म्हणून रिपोर्ट करू नका.

बसेस पुढं सुरू झाल्या आणि आई मावशीकडे जाऊन आली. येताना तिकडच्या कडक भाकऱ्या घेऊन आली. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. भांडणारे थोडेच असतात गं, पण आम्ही प्रत्येक जण एक एक रिप्लाय देऊन त्यांना स्टेजवर चढवतो. आणि दगड पडतो तो ट्रकवाल्याच्या काचेवर.