राजकन्येची कुपनं

मुलांनो, खिशात पैसे असूनही कापड मिळत नाही, असं तुमचं कधी झालंय?

२० नोव्हेंबर १९४७ ला इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. महायुद्ध संपलं होतं, पण तिकडे कपड्यांचं रेशनिंग चालूच होतं. युद्धकाळात तर कापड वाचवायला झगे आखूड, बटणंसुद्धा मोजून! राजकन्येलाही कुपनं भरावी लागली. कितीतरी बायकांनी आपली कुपनं तिला पाठवली. पण दुसऱ्याची कुपनं वापरणं बेकायदा, म्हणून ती परत गेली. सरकारनं मात्र तिला जादा कुपनं दिली (हे मला जरा खटकतंच). नॉर्मन हार्टनेलनं तयार केलेल्या त्या रेशमी झग्यावर १०,००० मोती होते. आणि गांधीजींचा आहेर? स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं कापड!