शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागली की घरात दुपारच्या जेवणाचे वेध लागतात. कुकरमुळे हे काम सोपे झाले खरे, पण 'शिट्ट्या किती काढू?' हा प्रश्न प्रत्येक नव्या सुनेला पडतोच. मलाही पडला होता.

सासरी पहिल्यांदा मटण केले तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पाच शिट्ट्या काढ, झालं!" मी गॅस मोठा ठेवला. पाच शिट्ट्या भराभर झाल्या. वाफ जिरायची वाट न पाहता शिटी चमच्याने उचलून कुकर उघडला आणि पाने वाढली. मामंजींनी दोनदा रस्सा मागून घेतला. "सूनबाई, रस्सा झकास झालाय हो," असेही म्हणाले. ताटे उचलताना पाहते तो काय, त्यांच्या ताटाच्या कडेला सगळे तुकडे तसेच! मामंजींना कवळी होती. मला वाईट वाटू नये म्हणून न चावणारे तुकडे त्यांनी मुकाट्याने बाजूला सारले होते.

सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "चुलीवर पातेल्याच्या झाकणात पाणी ठेवून आम्ही दोन तास शिजवायचो. कुकरमध्ये वेळ कमी लागतो गं, पण अजिबात लागत नाही असं नाही."

मैत्रिणींनो, माझे चुकले कुठे? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. पण एकदा शिटी झाली की उष्णता त्याहून वाढत नाही. नंतरच्या शिट्ट्यांमधून जादा वाफ बाहेर जाते आणि गॅस वाया जातो. मटणातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला त्या उष्णतेत काही मिनिटे जावीच लागतात. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या लवकर होतात, मंद आचेवर उशिरा. म्हणून शिट्ट्यांचा हिशेब फसवा असतो. कुकरचा पूर्वज १६७९ साली डेनिस पॅपिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये बनवला, तो मुळी हाडे मऊ करण्यासाठीच!

चार-पाच जणांसाठी साहित्य : पाऊण किलो मटण (खांदा, मान व नळीचे तुकडे), ३ कांदे, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, २ चमचे आले-लसूण वाटण, २ मोठे चमचे कांदा-लसूण मसाला, हळद, मीठ, तेल, कोथिंबीर.

कृती : मटणाला हळद, मीठ व आले-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. कुकरमध्ये थोड्या तेलावर एक चिरलेला कांदा परता. त्यावर मटण घालून सुटलेले पाणी आटेपर्यंत परता. दोन पेले गरम पाणी घालून झाकण लावा. पहिली शिटी होईपर्यंत आच मोठी ठेवा, मग अगदी मंद करा आणि घड्याळ पाहा. कोवळ्या मटणाला १५ मिनिटे, जून असेल तर २५. केरळात, गोव्यात ज्या घरांत बीफ होते, तिथेही हाच नियम. फक्त वेळ आणखी द्यावा लागतो.

गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून घाई केली तर आतला रस एकदम उसळतो आणि हात भाजण्याची भीती असते. तुकडा बोटांनी सहज तुटला नाही, तर पुन्हा पाच मिनिटे ठेवा. मसाला घालण्यापूर्वी वाटीभर अळणी रस्सा मुलांसाठी व वृद्धांसाठी काढून ठेवा.

उरलेले दोन कांदे व खोबरे भाजून वाटा. पातेल्यात तेलावर हे वाटण व मसाला तेल सुटेपर्यंत परता. त्यात मटण रस्स्यासकट ओतून दहा मिनिटे उकळा. वर कोथिंबीर पेरा. तोवर रिकाम्या कुकरमध्ये, तळाचा रस न धुता, भात लावा. त्याची चव वेगळीच लागते.

लक्षात ठेवा : कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका. झाकणाचे भोक उजेडाकडे धरून मोकळे आहे ना ते पाहा. रबरी रिंग सैल किंवा कडक झाली असेल तर लगेच बदला.

पुढच्या रविवारी मी घड्याळ लावून मटण शिजवले. जेवणे झाली तेव्हा मामंजींच्या ताटात फक्त हाडे उरली होती. तेव्हापासून पाने वाढण्यापूर्वी एक तुकडा दाबून पाहते आणि मनाशी विचारते, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हा चावेल ना?